आधी चेंडू वाचा, मग सह्या

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की आमच्या फडताळात काचेआड सह्यांचे सव्वीस बेसबॉल आहेत आणि बायको त्याला ‘चेंडूंचं देवघर’ म्हणते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. मी कुणी परवानाधारक मूल्यमापक नाही. बरीच वर्षं क्वीन्समध्ये काढली, शे स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या खुर्च्यांवर बसून हा खेळ शिकलो, आणि सह्यांच्या चेंडूंमधली अक्कल पैसे घालवून विकत घेतली. आता पत्रं.

प्रश्न: काका, मी पेनसिल्व्हेनियात नर्स आहे. शेजारी एक आजोबा राहायचे, मूळचे ब्रुकलिनचे. शेवटची दोन वर्षं मी त्यांना इंजेक्शन द्यायला जात असे. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं एक सह्यांचा बेसबॉल मला आठवण म्हणून दिला. डब्यात चिठ्ठी आहे: ‘डॉजर्स, १९५५’. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानं लगेच ३०० डॉलर देऊ केले. चेंडूवर स्पाल्डिंग आणि वॉरन गाइल्स असं छापलंय, चोवीस सह्या आहेत. वाचता आली तेवढी नावं सोबत लिहिली आहेत. विकायचा विचार नाही, पण माझ्याकडे नक्की काय आहे ते कळावं.

उत्तर: ताई, दुकानदारानं ‘लगेच’ देऊ केले ना? जो माणूस चेंडू हातात घेऊन दोन मिनिटांत आकडा सांगतो, त्याला त्या चेंडूत तुमच्यापेक्षा जास्त काहीतरी दिसलेलं असतं. तूर्त चेंडू डब्यात ठेवा.

चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. चिठ्ठी कुणीही, कधीही लिहू शकतं. आधी चेंडू वाचायचा, सह्या नंतर. १९९९ पर्यंत अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगचे अधिकृत चेंडू वेगळे असायचे आणि प्रत्येकावर त्या त्या लीगच्या अध्यक्षाच्या सहीचा शिक्का असायचा. वॉरन गाइल्स १९५१ ते १९६९ नॅशनल लीगचे अध्यक्ष होते आणि त्या काळात नॅशनल लीगचा चेंडू स्पाल्डिंगच पुरवत असे. डॉजर्स हा तेव्हाचा ब्रुकलिनचा, नॅशनल लीगचा संघ. म्हणजे इथवर चेंडू आणि चिठ्ठी यांचं जमतंय. पण अठरा वर्षांचा पट्टा फार मोठा झाला. तो अरुंद करायला नावं लागतात.

तुम्ही यादीच्या सुरुवातीला हौसेनं जॅकी रॉबिन्सन, ड्यूक स्नायडर, पी वी रीस, रॉय कॅम्पनेला, गिल हॉजेस अशी नावं लिहिली आहेत. ही मंडळी बरीच वर्षं एकत्र खेळली, त्यामुळे त्यांच्यावरून साल कळत नाही. मी खुर्चीत सावरून बसलो तो तुमच्या यादीतलं एकोणिसावं नाव वाचून. तुम्ही पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय: ‘कार्ल स्पूनर?’ हा डावखुरा गोलंदाज १९५४ च्या सप्टेंबरात आला आणि पहिल्या दोन सामन्यांत मिळून सत्तावीस फलंदाजांना स्ट्राइकआउट करून गेला. पुढच्या वसंतात खांदा दुखावला आणि १९५५ नंतर मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. तुमच्या यादीतलाच सॅंडी कोफॅक्स संघात आला १९५५ साली. स्पूनर आणि कोफॅक्स एकाच चेंडूवर म्हणजे १९५५. आणखी पुरावा हवा तर जॉनी पॉड्रेस आहे. १९५६ मध्ये तो नौदलाच्या सेवेत होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आलेला सॅल मॅग्ली तुमच्या यादीत नाही. ज्या नावाला बाजारात कुणी विचारत नाही, तेच बऱ्याचदा चेंडूची तारीख सांगून जातं.

आणि १९५५ हे साधंसुधं साल नव्हे. ब्रुकलिननं न्यूयॉर्कच्याच यँकीजशी वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, हरत राहायची, आणि लोकांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं, असं चाललेलं. ४ ऑक्टोबर १९५५ ला सातव्या सामन्यात याच पॉड्रेसनं यँकीजना एक धाव काढू दिली नाही, डॉजर्स २-० ने जिंकले. ब्रुकलिनला मिळालेलं ते एकमेव जगज्जेतेपद. १९५७ चा मोसम संपल्यावर संघ लॉस अँजेलिसला निघून गेला. तुमचे आजोबा ब्रुकलिनचे होते, त्यांनी हा चेंडू का जपला ते वेगळं सांगायला नको.

आता कडू भाग. त्या काळी खेळाडूंकडे सह्यांसाठी चेंडूंची खोकीच्या खोकी यायची. स्टार मंडळींना कंटाळा. मग कपडे बदलायच्या खोलीतला नोकर किंवा बॅटी सांभाळणारा बॅटबॉय त्यांच्या नावानं सह्या करून टाकायचा. संग्राहक त्याला ‘क्लबहाउस सही’ म्हणतात. ब्रुकलिनचा बॅटबॉय तर या कामात इतका सफाईदार होता की आमच्या मंडळींत त्याच्या हाताची ओळख असणं हीच एक विद्या मानतात. फसवायचा हेतू त्यात नसायचा, पण सही खोटी ती खोटीच.

घरच्या घरी एवढं करून बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, हातात सुती मोजे घाला, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसा. तुमच्या यादीत इंग्रजी ‘आर’नं सुरू होणारी निदान पाच नावं आहेत: रॉबिन्सन, रीस, रॉय, रूब वॉकर, रोबक. एकेक ‘आर’ कागदावर मोठा काढून एकाखाली एक मांडा. उभी रेघ खालून वर गेलीय की वरून खाली? पोट बंद आहे की उघडं? पाय पुढच्या अक्षराला चिकटतो की तुटतो? पाच माणसांचे पाच ‘आर’ वेगळे निघायला हवेत. दोन-तीन एकाच साच्यातले निघाले तर मनाची तयारी ठेवा. शाई सगळीकडे एकच आहे म्हणून मात्र घाबरू नका. एक पेन आणि एक चेंडू खोलीभर फिरायचा, त्यामुळे खऱ्या चेंडूवरही शाई एकच असते.

सगळ्यात बारकाईनं कॅम्पनेलाची सही बघा. २८ जानेवारी १९५८ च्या मोटार अपघातात तो पांगळा झाला, हातही नीट चालेनात. त्यामुळे अपघाताआधीची, सरळ वाहती सही मोलाची असते. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनची सही कुठे आहे तेही तुम्ही लिहिलं नाही. शिवणीच्या दोन ओळी जिथे सर्वांत जवळ येतात त्या मोकळ्या जागेला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, आणि संघाच्या चेंडूवर ती जागा सहसा मॅनेजरसाठी सोडलेली असते.

किंमत विचाराल तर सह्या खऱ्या निघाल्या तर हा चेंडू हजारांत जातो, आणि शाई गडद, चामडं पांढरं असेल तर बऱ्याच हजारांत. रॉबिन्सन, कॅम्पनेला, कोफॅक्स, हॉजेस क्लबहाउसच्या हातचे निघाले आणि बाकीचे खरे, तर तो शेकड्यांत येतो. म्हणजे ३०० डॉलर हा आकडा वाईटातल्या वाईट निकालाचा आहे. तपासणीसाठी पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीकडे पाठवा आणि चेंडूला चिकटवायच्या नुसत्या स्टिकरऐवजी पूर्ण पत्र मागा. पत्रात कुठली सही खरी आणि कुठली क्लबहाउसची ते वेगवेगळं लिहून येतं. आणि ती चिठ्ठी फेकू नका. पुरावा म्हणून ती कमकुवत आहे, पण आजोबांच्या मुलीकडून दोन ओळी लिहून घेतल्या, वडिलांना चेंडू कुठून मिळाला एवढंच, तर दोन्ही मिळून बरं वजन येतं.

प्रश्न: एका घरगुती विक्रीत १९२७ च्या यँकीज संघाचा चेंडू मिळाला. बेब रूथ आणि लू गेरिग दोघांच्याही ठसठशीत सह्या, निळ्या बॉलपेननं. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्रही आहे. चेंडूवर विल्यम हॅरिज असं छापलंय. विमा किती रकमेचा काढू?

उत्तर: काढू नका.

हॅरिज अमेरिकन लीगचे अध्यक्ष झाले १९३१ साली. १९२७ च्या मोसमातल्या चेंडूवर बॅन जॉन्सन यांचं नाव हवं. त्या काळच्या अमेरिकन लीगच्या चेंडूची शिवण लाल-निळ्या दोऱ्यांची असायची, तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती नुसती लाल आहे. आणि अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. गेरिग जून १९४१ मध्ये वारला. रूथ १९४८ पर्यंत होता, त्यानं बॉलपेननं सही केली असू शकते, पण त्याच्या शेजारी त्याच पेननं गेरिगनं? भुतानं केली असेल तर गोष्ट निराळी.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर सोनेरी शिक्के घरच्या छपाईयंत्रावरही उमटतात. १९९० च्या दशकात सॅन डिएगो पाद्रेसच्या टोनी ग्विननं आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या बघितल्या. एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मागे त्या तक्रारीचाही हात होता, आणि त्यात खोट्या सह्यांचा प्रचंड धंदा उघडा पडला. तिथेही चेंडूंबरोबर प्रमाणपत्रं असायचीच. तुम्ही किती पैसे मोजले ते लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही.

प्रश्न: मी ओहायोत असतो. माझ्याकडे १९७५ च्या सिनसिनाटी रेड्सचा चेंडू आहे: जॉनी बेंच, पीट रोझ, जो मॉर्गन, टोनी पेरेझ, मॅनेजर स्पार्की अँडरसन आणि आणखी अकरा जण. प्रत्येकाच्या एकट्या सहीच्या चेंडूचा लिलावातला भाव शोधून मी एक्सेलमध्ये बेरीज केली. ती १,१४० डॉलर भरते. हा हिशेब बरोबर आहे ना?

उत्तर: बेरीज बरोबर असेल, हिशेब चूक आहे. मीही सुरुवातीला असंच करायचो, त्यामुळे हसत नाही.

एकट्या सहीचा चेंडू घेणारा गिऱ्हाईक वेगळा. त्याला स्वीट स्पॉटवर एकच नाव हवं असतं, भोवती कोरं पांढरं चामडं. संघाचा चेंडू घेणाऱ्याला तो एक मोसम हवा असतो. तुमच्या चेंडूवर बेंचची सही बाजूला, दोन राखीव खेळाडूंच्या मधे दाटीवाटीनं आहे. तिला एकट्या सहीचा भाव कोण देणार? उलट एखादा स्टार गायब असेल तर किंमत त्याच्या सहीच्या भावाहून जास्त पडते. बेंच नसलेला १९७५ चा रेड्स चेंडू म्हणजे गणपती नसलेलं मखर. शिवाय रोझनं आयुष्यभर इतक्या सह्या दिल्या की त्याचं नाव असल्यानं भाव फारसा चढत नाही.

पण तुमच्या चेंडूची मुख्य गोष्ट दुसरीच आहे. फोटोत रॉलिंग्ज आणि बिल व्हाइट दिसतंय. रॉलिंग्जचे चेंडू मोठ्या लीगमध्ये आले १९७७ पासून आणि व्हाइट नॅशनल लीगचे अध्यक्ष होते १९८९ ते १९९४. १९७५ चा चेंडू असता तर त्यावर स्पाल्डिंग आणि चब फीनी असतं. तुमचा चेंडू खोटा नाही. ही मंडळी निवृत्त झाल्यावर कुठल्यातरी स्नेहमेळाव्यात जमली तेव्हा सह्या घेतलेल्या आहेत. अशा चेंडूला ‘रियुनियन बॉल’ म्हणतात. विकताना तसंच लिहा. त्याचा भाव मोसमातल्या चेंडूच्या जवळपासही जात नाही, पण अँडरसन २०१० मध्ये गेले, मॉर्गन २०२० मध्ये आणि रोझ २०२४ मध्ये. हा जमाव पुन्हा भरणार नाही. भाव बघायचाच तर ‘१९७५ रेड्स रियुनियन’ असंच शोधा आणि मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकली गेलेली बघा. मागायला काय, कुणी लाखही मागेल.

प्रश्न: सह्या फिकट झाल्या आहेत. बारीक पेननं हलकेच गिरवल्या तर? आणि चेंडू पिवळा पडलाय, तो पुसायचा कशानं?

उत्तर: गिरवलीत की ती सही खेळाडूची राहिली नाही, तुमची झाली. भिंगाखाली दुहेरी रेघ लपत नाही. फिकट सहीला कमी का होईना भाव असतो, गिरवलेलीला बहुतेकदा नसतोच. पुसायचं तर कशानंही नाही. जुन्या चेंडूंवर लोक पूर्वी सह्या टिकाव्यात म्हणून शेलॅकचा हात द्यायचे. तो लेप वयाप्रमाणे मधासारखा पिवळा, मग तपकिरी होतो. त्यानं किंमत उतरते, पण तो काढायला गेलात तर शाई त्याच्याबरोबर उठून येते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्याकडे १९८६ च्या न्यूयॉर्क मेट्सचा चेंडू होता. गॅरी कार्टर, कीथ हर्नांडेझ, ड्वाइट गुडन, डॅरिल स्ट्रॉबेरी, स्वीट स्पॉटवर मॅनेजर डेव्ही जॉन्सन. पाहुण्यांना दिसावा म्हणून बैठकीच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीत काचेच्या घनात ठेवला. दोन उन्हाळे. एके दिवशी धूळ पुसताना बायको म्हणाली, “अहो, या बाजूच्या सह्या कुठे गेल्या?” भिंतीकडची बाजू जशीच्या तशी होती. खिडकीकडच्या बाजूवर कार्टरच्या नावातला पहिला ‘सी’ आणि शेवटचा एक शेपटा, एवढंच उरलं होतं, तेही फिकट जांभळं. चामड्यावर पेनाच्या टोकाचे खड्डे मात्र दिसत होते. तिरप्या उजेडात आजही त्याचं पूर्ण नाव वाचता येतं, शाईशिवाय. कार्टर २०१२ मध्ये गेला. त्या सह्या उडाल्यापासून आमचं देवघर उत्तरेच्या भिंतीला, बंद फडताळात आहे.

नवीन सही घ्यायची असेल तर निळं बॉलपेन न्या. जाड मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत सहीला मिशा फुटतात.

प्रश्न: वडील मागच्या वर्षी वारले. त्यांच्याकडचा १९६१ च्या यँकीजचा चेंडू (मिकी मँटल, रॉजर मॅरिस, योगी बेरा, जेएसएचं पत्र आहे) आम्हा दोघा भावांत वाटायचा आहे. एकाला चेंडू, दुसऱ्याला निम्मे पैसे. पण विमा कंपनी एक किंमत सांगते, दुकानदार त्याच्या निम्मी, आणि लिलाववाले तिसरीच. खरी कोणती?

उत्तर: तिन्ही खऱ्या आहेत. विम्याची किंमत म्हणजे उद्या चेंडू जळाला तर तसाच दुसरा दुकानातून आणायला लागणारे पैसे, म्हणून ती सगळ्यात वर. दुकानदाराला विकून नफा कमवायचाय, म्हणून त्याची सगळ्यात खाली. भावाभावांत वाटणीसाठी मधली धरा: गेल्या दोन-तीन वर्षांत पत्रासह, तशाच स्थितीत विकलेल्या चेंडूंची लिलावातली रक्कम. एक खबरदारी घ्या. जाहीर होणाऱ्या लिलावाच्या रकमेत गिऱ्हाइकाकडून वेगळं घेतलेलं कमिशन, साधारण वीस टक्के, बऱ्याचदा धरलेलं असतं. ते विकणाऱ्याच्या हातात येत नाही. ते वजा करून मगच निम्मे करा, नाहीतर ज्याच्याकडे चेंडू राहील तो उगाच जास्त पैसे देऊन बसेल.

मँटलची सही पत्रात खरी म्हटलीय ना, ते शब्द नीट वाचा. यँकीजच्या क्लबहाउसमध्येही त्याच्या नावानं भरपूर सह्या झाल्या आहेत. मॅरिसकडेही लक्ष द्या. त्यानं त्या मोसमात ६१ होमरन मारले आणि तो १९८५ मध्येच गेला. नंतरची काही वर्षं प्रदर्शनांत बसून हजारो सह्या देणारा मँटल बाजारात जेवढा सापडतो, तेवढा मॅरिस सापडत नाही.

कराचंही एक सांगतो, बाकी तुमच्या सीपीएला, म्हणजे हिशेबनीसाला, विचारा. वारसानं आलेल्या वस्तूची मूळ किंमत, करासाठी, वडील गेले त्या दिवसाची बाजारातली किंमत धरतात. त्यांनी तो १९६१ साली फुकट मिळवला होता की नाही याला महत्त्व नाही. म्हणून त्या तारखेच्या आसपासचं लेखी मूल्यमापन आत्ताच करून घ्या. पुढे विकलात तर फक्त त्यावरच्या वाढीवर कर, आणि संग्राह्य वस्तूंवर तो केंद्राचा कमाल २८ टक्के.

आणि चेंडू कोणाकडे ठेवायचा ते माझ्यावर सोडू नका. नाणं उडवा.

प्रश्न: मी अकरा वर्षांचा आहे. आईनं हे मराठीत लिहायला मदत केली. आजोबांच्या कपाटात यँकीजचा सह्यांचा बॉल मिळाला. सगळ्या सह्या एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या आहेत आणि हाताला काहीच लागत नाही. याची किंमत किती? बाबा म्हणतात हात लावू नकोस.

उत्तर: शाब्बास, ‘हाताला काहीच लागत नाही’ हे तू स्वतःहून बघितलंस. मोठ्या माणसांनाही सुचत नाही ते. या सह्या छापलेल्या आहेत. पेनानं सही केली की चामड्यावर खाच पडते, शाई कुठे दाट कुठे पातळ असते, आणि दोन सह्या एकमेकींवर चढतात. छापलेल्या सह्या रांगेत शहाण्यासारख्या बसतात. असे चेंडू स्टेडियमबाहेर आठवण म्हणून विकायचे. त्याला थोडे डॉलर येतील, एका पिझ्झाएवढे फार तर.

बाबांना हे उत्तर वाचून दाखव. मग आजोबांना विचार, ते कुठल्या सामन्याला गेले होते आणि कुणाबरोबर, आणि ते सगळं एका कागदावर लिहून घे. त्यानंतर खेळ खुशाल. फक्त जुनी शिवण असते, बॅटनं मारू नकोस, ग्लोव्ह घालून झेलाझेली कर.